अर्जदाराने झोपणे आवश्यक

सत्याच्या शोधाला अंत नसतो. शोधासाठी दिलेल्या मुदतीला असतो, आणि ती या महिन्याच्या एकतीस तारखेला, कार्यालय बंद होण्यापूर्वी, संपत होती.

ज्या बाईंची मुदत संपत होती त्यांना केंद्रात ‘मॅडम’ म्हणत आणि नदीवरच्या वस्तीत ‘पुन्हाताई’. नऊ वर्षं त्या वस्तीत जात होत्या आणि कोणी काही सांगितलं की वहीवरून मान वर न करता म्हणत, “पुन्हा सांगाल का?” वस्तीतले लोक त्या प्रदेशाचे मूळचे रहिवासी. शहर, पूल, विद्यापीठ आणि पुन्हाताई ही सगळी मंडळी नंतर आलेली. विद्यापीठाच्या मनाला हे लागून राहिलं होतं, म्हणून त्याने एक केंद्र काढलं: मूळ समाजांचे आरोग्य, संस्कृती, शिक्षण व शासन अभ्यास केंद्र. नाव एका भिंतीवर मावेना. त्यामुळे ‘आरोग्य, संस्कृती’ जिन्यापाशी राहिले आणि ‘शिक्षण व शासन’ वळण घेऊन स्वच्छतागृहाकडे गेले.

वस्ती आपल्या आरोग्याचे निर्णय कसे घेते, हा पुन्हाताईंचा विषय. दवाखाना कुठे बांधायचा, कुठल्या विहिरीचं पाणी बंद करायचं, शाळा किती वाजता भरवायची, हे तिथं कोण ठरवतं आणि कसं. एकशे अठ्ठ्याऐंशी मुलाखती, सत्तावीस तक्ते, चारशे बारा पानं. प्रबंध बांधून तयार होता. सत्तावीस तारखेला, सोमवारी सकाळी, संचालकांनी त्यांना बोलावून घेतलं.

“बसा मॅडम. एक किरकोळ गोष्ट राहिलीय.” किरकोळ गोष्टी सांगताना संचालक खुर्ची खिडकीकडे वळवत. “नवा नियम आलाय. ज्यांच्यावर संशोधन करायचं, त्यांच्या मंडळाची लेखी परवानगी लागते.”

“सर, माझं करून झालंय.”

“म्हणून तर घाई. आधी घ्यायची होती, राहून गेलं. आता घ्या.”

“आणि नाही दिली तर?”

“देतील हो. गोड माणसं आहेत. तुम्हीच लिहिलंय की, पान एकशे तीस.” संचालकांनी खिडकीबाहेरच्या झाडाकडे पाहिलं. “नाहीच दिली तर नोंदणी रद्द. मग नव्याने अर्ज, नव्याने विषय. नऊ वर्षं काय, अशी जातात. आता तुमचं वय बघता…” उरलेलं वाक्य त्यांनी झाडावर सोडून दिलं.

पुन्हाताईंचं वय एक्कावन्न होतं.

मंगळवारी त्या नेहमीच्या बसने वस्तीत पोचल्या. वस्तीचं मंडळ पाच जणांचं. प्रमुख मोठी मावशी. तिने तीस वर्षं शाळेची बस चालवली होती, आणि तिचा आवाज अजूनही शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असाच यायचा. मग नावाडीमामा, दवाखान्यातल्या नर्सबाई, एक गवंडी आणि एक शिंपी. शेवटचे दोघं फक्त एकमेकांशी बोलत आणि त्यांचं आपसात पटत नसे, त्यामुळे ते गप्पच असत.

मावशीने अर्ज हातात घेतला, उलटा करून मागची कोरी बाजूही पाहिली. “छान आहे. दुपारी घेऊ.”

“मावशी, आत्ताच सही केलीत तर मला सव्वाची बस मिळेल.”

“नऊ वर्षं तू सव्वाचीच बस पकडतेस. दुपारी इथं काय होतं, ठाऊक आहे तुला?”

“दुपारी विश्रांती घेतात,” पुन्हाताई म्हणाल्या. तक्ता क्रमांक अकरा, दैनंदिन सवयी.

नावाडीमामाला जोराचा ठसका लागला. नर्सबाईंनी त्याच्या पाठीवर थोपटलं, पण त्यांच्याही ओठांची गडबड चालली होती.

“विश्रांती!” मामा डोळे पुसत म्हणाला. “अगं, कामाला तेव्हाच तर लागतो आम्ही.”

मग मावशीने, बसमधल्या सर्वांत लहान मुलाला समजावावं तसं, समजावून सांगितलं. मंडळापुढे अर्ज आला की तो दुपारी सभेच्या खोलीत मोठ्याने वाचायचा. मग सगळ्यांनी आडवं व्हायचं आणि झोपायचं. उठल्यावर, पाण्याचा घोट घेण्याआधी, स्वप्नात जे दिसलं ते एकेकाने सांगायचं. पहिल्यांदा अर्जदार, मग मंडळ. जे जुळतं त्यावरून निर्णय. काहीच जुळलं नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. दवाखान्याची जागा अशीच ठरली: मामा, गवंडी आणि नर्सबाई, तिघांनाही एकाच उतारावर पांढरी चादर वाळत घातलेली दिसली होती.

पुन्हाताईंचं पेन थांबलं. दवाखान्याची जागा हे त्यांचं पाचवं प्रकरण होतं. सत्तर पानं. ‘बहुपदरी सामुदायिक वाटाघाटी’ हे त्याचं शीर्षक.

“हे मला कुणीच कसं सांगितलं नाही?”

“सांगितलं की! घराघरातून सांगितलं. ‘थांब, जरा पड,’ असं म्हणालो नाही आम्ही?”

म्हणाले होते. एकशे अठ्ठ्याऐंशींपैकी एकशे एकाहत्तर जण म्हणाले होते. पुन्हाताईंनी प्रत्येकापुढे ‘आतिथ्यशील’ अशी खूण केली होती आणि त्याची टक्केवारीही काढली होती. पान एकशे तीस.

“आणि एक,” मावशी म्हणाली. “अर्जदाराने झोपणे आवश्यक. अर्जदार झोपला नाही तर अर्ज आलाच नाही असं धरतो. आम्ही डोळे मिटून पडायचं आणि तू उघड्या डोळ्यांनी आमच्याकडे बघत बसायचं, हे काही बरं नाही. ते नऊ वर्षं झालंच आहे.”

इथं एक गोष्ट सांगायला हवी. पुन्हाताईंना झोप येत नसे. मूळ समाजाच्या आरोग्यावर लिहायला घेतल्यापासून त्यांचं स्वतःचं आरोग्य जे बिघडलं ते बिघडलंच. दुपारी तर त्या विद्यार्थिदशेपासून झोपल्या नव्हत्या. शहरातल्या शिकलेल्या बाईने दुपारी झोपणं म्हणजे आयुष्याची हार पत्करणं, असं त्यांना आईने शिकवलं होतं. आईला सुद्धा झोप येत नसे.

सभेची खोली लांबट होती. खिडक्यांना हिरवं कापड, त्यातून आलेला उजेड पाण्याखालच्यासारखा. नदी जवळच असल्यामुळे तिची चमक छतावर हलत राही, जणू कोणीतरी वर बसून सावकाश चादर झटकतंय. चटया गोलात अंथरलेल्या, पाय मध्यभागी. मावशीने अर्ज वाचला. तो चार ओळींचा होता, वाचून होईपर्यंत गवंडी घोरू लागला.

पुन्हाताई डोळे मिटून पडल्या. एका कानात मामाचा श्वास येत होता, वल्ह्यासारखा, ओढून सोडलेला. त्यांनी शंभरपर्यंत अंक मोजले, मग उलटे मोजले, मग संदर्भसूची अकारविल्हे आठवली. ‘म’पर्यंत पोचल्या तेव्हा मंडळ जागं झालं होतं.

“झोपली नाही,” मावशी म्हणाली.

“झोपले होते,” पुन्हाताई म्हणाल्या.

“पोरी, तीस वर्षं आरशात बघून ओळखायचे मी, कोण झोपलंय आणि कोण झोपेचं सोंग घेऊन खोड्या काढायच्या बेतात आहे. झोपलेल्याच्या पायाचे अंगठे बाहेर पडतात. तुझे ताठ उभे होते. उद्या ये.”

पुन्हाताईंचा नवरा चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना तो म्हणाला, “इतक्या सकाळी कुठे?”

“झोपायला.”

“परवानगी मिळवायला झोपायचं? आमच्या घरात झोपायलाच परवानगी लागते.”

“थट्टा सुचतेय तुला. माझी नऊ वर्षं टांगणीला लागलीत.”

“मग नुसतं स्वप्न सांग ना. कोण तपासायला येतंय? माझ्याकडे येणारे अर्धे लोक खालची ओळ पाठ करून आलेले असतात.”

हे त्याने सहज म्हटलं होतं, पण पुन्हाताईंच्या डोक्यात भलतंच शिरलं. लोकांनी मुलाखतीत जाता जाता सांगितलेली स्वप्नं त्यांच्याकडे नोंदलेली होती, तक्ता क्रमांक एकोणीस. बसमध्ये बसून त्यांनी सर्वांत जास्त वेळा आलेल्या गोष्टी निवडल्या. वस्ती येईपर्यंत स्वप्नाचा तिसरा खर्डा तयार झाला.

बुधवारी त्या अंगठे बाहेर पाडून पडल्या. दीड तास तसेच धरून ठेवले, पोटऱ्यांना गोळे आले. सगळे उठल्यावर त्यांनी डोळे चोळले, एक माफक जांभई दिली आणि सांगायला सुरुवात केली. नदीकाठी एक पांढरा बगळा होता. मग एक मोडकी होडी दिसली. मग पलीकडून एक बाई हाक मारत होती, पण ती दिसत नव्हती.

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. ते पाहणं कौतुकाचं नव्हतं.

“बगळा माझ्या थोरल्या मामांचा,” नावाडीमामा सावकाश म्हणाला. “होडी माझी.”

“हाक मारणारी बाई माझ्या आईच्या स्वप्नातली,” शिंपी म्हणाला. नऊ वर्षांत तो पुन्हाताईंशी पहिल्यांदाच बोलत होता. “सात वर्षांपूर्वी तुम्ही लिहून नेलीत.”

मावशीने दीर्घ श्वास सोडला. “पोरी, हे स्वप्न नाही. ही सरासरी आहे.”

विद्यापीठात वाङ्मयचौर्य पकडणारी समिती होती. तिला एक प्रकरण उघडकीला आणायला आठ महिने लागत. इथं एका जांभईत काम झालं. पुन्हाताईंनी मान खाली घातली. चटईच्या विणीत एक धागा सुटलेला होता, तो त्या बोटाने आत ढकलत राहिल्या, पण तो पुन्हा पुन्हा वर येत होता.

“माझी नोंदणी रद्द होईल,” त्या म्हणाल्या. वहीत न बघता बोललेलं त्यांचं त्या खोलीतलं हे पहिलंच वाक्य असावं. “शुक्रवारी पाच वाजता. नऊ वर्षं वाया जातील. मला झोप येत नाही हो मावशी, कधीच येत नाही.”

मग नर्सबाईंनी विचारलं, “किती वर्षं?”

“नऊ. दहा असतील.”

“आमच्या झोपेचं एवढं विचारायचात. तुमच्या झोपेचं कुणी विचारलं का?”

“प्रश्नावलीत तशी सोय नाही,” पुन्हाताई म्हणाल्या, आणि स्वतःच हसल्या, आणि मग हसू थांबवता येईना म्हणून तोंडावर पदर धरून बसल्या.

“उद्या ये,” मावशी म्हणाली. “आणि ते बाड घेऊन ये. चार ओळींवरून आम्हाला तरी काय दिसणार? काय लिहिलंयस ते कळू दे.”

गुरुवारी, तीस तारखेला, पुन्हाताई चारशे बारा पानं पोटाशी धरून आल्या. आशा उरली नव्हती, त्यामुळे चालणं हलकं झालं होतं. चपला दाराबाहेर काढल्या, घड्याळ काढून चपलेत ठेवलं. छतावर नदी हलत होती. त्या आडव्या झाल्या आणि नर्सबाईंनी पाचवं प्रकरण उघडलं.

“‘प्रस्तुत प्रकरणात,’” नर्सबाई औषधाची चिठ्ठी वाचावी त्या आवाजात वाचू लागल्या, “‘मूळ समाजातील आरोग्यविषयक स्थाननिश्चितीच्या प्रक्रियेमागील बहुपदरी सामुदायिक वाटाघाटींच्या स्वरूपाची चर्चा करावयाची असून, तत्पूर्वी प्रक्रिया या संकल्पनेची…’”

पुन्हाताईंनी हे वाक्य चौदा वेळा दुरुस्त केलं होतं. ते मोठ्याने वाचलेलं मात्र कधी ऐकलं नव्हतं. आता ते वरून, सावकाश, भुरभुर पडत होतं आणि त्याला शेवट नव्हता. ‘तत्पूर्वी’ त्यांच्या पापण्यांवर बसलं. ‘संकल्पना’ उशाशी येऊन टेकली. दुसऱ्या परिच्छेदात ‘तथापि’ आलं आणि त्यांच्या अंगाखालची चटई किंचित सरकली, नाव धक्क्यापासून सुटते तशी. तळटीप क्रमांक तीन त्यांनी ऐकली नाही.

केंद्राच्या लांब बोळात गुडघाभर पाणी होतं, कोमट. भिंतीवरची पाटी सुटून तरंगत होती आणि तिच्यावर एक बेडूक बसला होता, ‘संस्कृती’च्या थोडा पुढे. बोळात दोन्ही बाजूंना खुर्च्यांवर वस्तीतले लोक बसले होते, एकापासून एकशे अठ्ठ्याऐंशीपर्यंत, आणि प्रत्येकाच्या मांडीवर घड्या घातलेलं काहीतरी होतं. पुन्हाताईंना वाटलं, कपडे असतील. जवळ गेल्यावर दिसलं, त्यांचेच प्रश्न होते. धुऊन, वाळवून, इस्त्री करून ठेवलेले. ‘घरात माणसं किती?’ ‘ताप आल्यास प्रथम कुणाकडे जाता?’ ‘आपण समाधानी आहात का, थोडे, बरे, की पूर्ण?’ एकेक जण उठून आपला प्रश्न त्यांच्या हातात देत होता. कोणी रागावलेलं नव्हतं. एक म्हातारी म्हणाली, “हा थोडा आटलाय बाई, गरम पाण्यात पडला.” चळत हनुवटीपर्यंत आली. अजून ऊब होती तिला. बोळाच्या टोकाला शाळेची बस उभी होती, अर्धी पाण्यात, आणि स्टिअरिंगवर मोठी मावशी. “शेवटचा बाक,” ती आरशात बघून म्हणाली. पुन्हाताई शेवटच्या बाकावर बसल्या, चळत शेजारी ठेवली, तिच्यावर डोकं टेकलं. बस नदीच्या तळाशी चालू लागली. खिडकीबाहेरून मासे, तक्ते आणि आई जात होती. आई झोपलेली होती, बसल्या बसल्या, तोंड उघडं टाकून. पुन्हाताईंनी काचेवर टकटक करायला हात उचलला आणि मग केली नाही.

त्यांनी डोळे उघडले तेव्हा खिडकीचा हिरवा उजेड पिवळा झाला होता. पाच चेहरे वाकून बघत होते.

“आम्ही दोनदा झोपलो,” मावशी म्हणाली. “तू एकदाच. साडेतीन तास. घोरतेस चांगली. हं, पाणी नंतर. आधी सांग.”

त्यांनी सांगितलं. बेडकापासून आईपर्यंत. सांगताना त्या एकदाही ‘म्हणजेच’ म्हणाल्या नाहीत.

मग मंडळाची पाळी. मामाला खुर्च्या दिसल्या होत्या, पाण्यात ठेवलेल्या, रांगेने. नर्सबाईंना एक बाई धुण्याचं गाठोडं घेऊन चाललेली. शिंप्याला इस्त्री. गवंड्याला काही दिसलं नव्हतं, पण झोपेत त्याला ऊब लागत होती, असं तो शिंप्याकडे बघून म्हणाला आणि शिंप्याने मान डोलावली. गेल्या कित्येक वर्षांत त्या दोघांचं एकमत झालेलं कोणी पाहिलं नव्हतं.

मावशीने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. “जुळलं,” ती म्हणाली. “दिली परवानगी.”

पुन्हाताई उठून बसल्या. आनंद व्हायला हवा होता. झोपेने अंग इतकं सैल पडलं होतं की आनंद कुठे ठेवावा ते कळेना.

“मावशी, पण पाचवं प्रकरण चुकलंय. तिसरंही. तुम्ही निर्णय कसे घेता तेच मला कळलं नव्हतं. आत्ता कळलं. हे सगळं, आजचं, लिहायला हवं.”

“आजचं नाही. या खोलीत जे दिसतं ते खोलीचं. तुझ्या वहीत जायचं नाही.”

“नुसतं एवढं तरी, की तुम्ही दुपारी झोपून ठरवता?”

“ते तुझ्या अर्जात नव्हतं.” मावशीने अर्ज पुन्हा उलटा करून मागची कोरी बाजू दाखवली. “वेगळा अर्ज कर. आम्ही झोपून बघू.”

“उद्या मुदत संपतेय.”

“मग हे बाड ने. त्यातलं सगळं जागेपणी बोललेलं आहे, त्याला कोण कशाला हरकत घेईल?”

“पण ते खरं नाही!”

“खोटं कुठे आहे?” नावाडीमामा समजूत काढत म्हणाला. “ऐकताना किती छान झोप लागली.”

पुन्हाताईंनी मनात हिशेब केला. वेगळा अर्ज म्हणजे नोंदणी रद्द, नवा विषय, आणखी नऊ वर्षं. साठीला आल्या असत्या. मग त्यांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि संपवला. बाड उचललं, चपलेतलं घड्याळ मनगटावर बांधलं.

शुक्रवारी, एकतीस तारखेला, चार वाजून दहा मिनिटांनी त्यांनी प्रबंध संचालकांच्या टेबलावर ठेवला. सोबत मंडळाचं पत्र होतं, पाच सह्यांचं, दोन वाक्यांचं: ‘अर्जदार झोपल्या. परवानगी आहे.’

“‘अर्जदार झोपल्या’ म्हणजे?” संचालकांनी विचारलं.

“झोपले, सर.”

“बरं,” संचालक म्हणाले आणि शिक्का मारला.

चार महिन्यांनी परीक्षकांचा अहवाल आला. प्रबंध मंजूर झाला होता. दुरुस्ती एकच सुचवली होती: पानांचे क्रमांक खाली मध्यभागी आहेत, ते वर उजव्या कोपऱ्यात घ्यावेत.